असं कोण हितं ऱ्हात न्हाई

कागदपत्रांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये, असं मी पंचवीस वर्षं मानत आले. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत लिपिक आहे. दाखले, बोनाफाईड, जन्मतारखेच्या नोंदी सगळं माझ्या हातून जातं. पालक खिडकीशी येतात. आधारवर एक जन्मतारीख असते, रेशनकार्डावर दुसरी, आणि म्हणतात, "मॅडम, कायतरी करा की." मी चष्म्यावरून बघते आणि सांगते, "कागद आधी बघायचे असतात, गरज पडल्यावर नाही." हे वाक्य मला फार आवडायचं. हल्ली मी ते जरा जपून वापरते.

कारण आईचा पासपोर्ट.

माझी धाकटी बहीण जहाजावर आहे. हे वाक्य मी कुठल्याही निमित्तानं बोलते. बँकेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईला. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, जहाजावर म्हणजे हॉटेलाचं काम असेल, पाहुण्यांची उठबस असेल. मग मी सावकाश सांगते, "नाही. ती इंजिनात असते. सेकंड इंजिनियर आहे." समोरच्याचा चेहरा बदलतो, तो मी डोळे भरून बघते. याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणू दे, मला त्याचं काही वाटत नाही.

आमचे वडील उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होते. शाळेत असताना ही पोरगी त्यांचा डबा द्यायला जायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत यायची. फ्रॉकला ऑईल, नखांत काळं. आई ओरडायची, नातेवाईक तोंड वाकडं करायचे. वडील म्हणायचे, "असू दे, तिला आवाजावरनं कळतंय मशीनला काय झालंय." ते सहा वर्षांपूर्वी गेले. लेकीच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या त्यांनी फोटोत तेवढ्या बघितल्या.

आई सदुसष्ट वर्षांची आहे. तिनं एका मुलींच्या वसतिगृहात उभं आयुष्य भाकऱ्या थापल्या. बहिणीचं काम नेमकं काय, हे तिला कधीच कळलं नव्हतं. ती विचारायची, "इंजिन म्हंजे केवढं असतंय गं? आपल्या खोलीएवढं?" बहीण फोनवर सांगायची, "आई, आपल्या गल्लीएवढं." आईला ते खरं वाटायचं नाही. तिला वाटायचं, पोरगी मोठेपणा सांगत्येय.

तर त्या वर्षी बहिणीचं जहाज मुंबईहून सुटून कोचीन आणि श्रीलंका करून परत मुंबईला येणार होतं, आणि तिला घरची दोन माणसं नेता येणार होती. इंजिनात प्रवाशांना सोडत नाहीत. पण तिनं वरच्या साहेबांना विचारून आईसाठी अर्ध्या तासाची परवानगी काढली होती. त्या फेरीनंतर तिची बदली दुसऱ्या जहाजावर ठरली होती. ते युरोपच्या थंड समुद्रात फिरणारं. तिथं आईला नेणं म्हणजे व्हिसा आला, विमान आलं, थंडी आली, आणि आईचे गुडघे तिच्या वयापेक्षाही म्हातारे आहेत. म्हणजे जायचं तर याच फेरीला. नाहीतर आई लेकीचं काम न बघताच राहणार होती, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

माझा पासपोर्ट आधीपासून होता. शिक्षकांची एक परदेश सहल ठरली होती आणि नेहमीप्रमाणे रद्द झाली होती, तेव्हाचा. आईचा नवा काढायचा होता. मी कंबर कसली. मलकापूरजवळच्या तिच्या माहेरच्या शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरातून तिचा सातवीचा दाखला काढला. तिथल्या गुरुजींना मी रजिस्टर कसं जपावं यावर दोन शब्द सुनावूनही आले. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. आधार, बँकेचं पासबुक, लाईटबिल, सगळ्याच्या दोन दोन प्रती. फाईलला बाहेरून अनुक्रमणिका चिकटवली.

फॉर्ममध्ये ओळखीच्या दोन व्यक्तींची नावं द्यायची होती. मी आमच्या मुख्याध्यापकांचं दिलं आणि एका डॉक्टरांचं. दोघंही आमच्या भागापासून लांब राहणारे. त्या दिवशी मी दळण आणायला गेले होते. गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी आहे आणि ती चालवणाऱ्या काकी आमच्या आईच्या लग्नापासूनच्या ओळखीच्या. फॉर्मचं बोलणं निघालं तशा त्या म्हणाल्या, "वळखीचं नाव पायजे व्हय? मग माझं घाल की." मी हसले. "काकी, तिथं जरा वजनदार माणसं लागतात." काकींनी पिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "व्हय बाई, आमचं वजन दळणापुरतंच." मला वाटलं, त्या चेष्टा करतायत.

पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात सगळं लोण्यासारखं झालं. आईचा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले. हसायचं नाही असं सांगितल्यामुळं फोटोत आई कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते. टेबलावरच्या मुलीनं फाईल चाळली आणि म्हणाली, "अशी फाईल रोज येत नाही हो मॅडम." हे मी त्या आठवड्यात निदान चौघांना सांगितलं.

मग आम्ही पोलीस चौकशीची वाट बघत बसलो. तीन आठवडे गेले. जहाज सुटायला पाच आठवडे राहिले असताना शाळेत, ऐन परीक्षेच्या गडबडीत, मोबाईलवर मेसेज आला. मी तो तीनदा वाचला. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

ज्या खोलीत आई नवरी म्हणून आली, जिथं आम्हा दोघींचे जन्म झाले, जिथून वडिलांना खांद्यावर नेलं, तिथं आई राहत नाही! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पोलीस ठाणं गाठलं. भांडायच्या तयारीनंच गेले होते. टेबलावरच्या हवालदारानं कागद शोधला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मी सोता आलतो," तो म्हणाला. "फोन लावला तीनदा. उचलला न्हाई. दाराला कुलूप. मग गल्लीत इचारलं. गिरणीत इचारलं, पानपट्टीवर इचारलं, तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसल्याली त्यास्नी इचारलं. तिन्हीकडं एकच उत्तर."

"काय?"

"असं कोण हितं ऱ्हात न्हाई."

राग काढायला जागाच उरली नाही. फोन आईचाच दिलेला होता. आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवणूक करतात, अशी तंबी आईला मीच दिली होती. आई त्या दिवशी कुरुंदवाडला मावशीकडे गेली होती आणि मी शाळेत. हवालदार साध्या कपड्यांत, मोटरसायकलवरून आलेला. हातात कागद.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, प्रत्येक तालमीचा स्वतःचा संघ. सामना झाला की कधीमधी दोन तालमींची पोरं एकमेकांच्या अंगावर जातात, आणि मग दुसऱ्या दिवशी पोलीस नावं विचारत येतात. गल्लीचा रिवाज असा की बाहेरचा माणूस कागद हातात घेऊन कुणाचंही नाव विचारायला लागला, तर पहिलं उत्तर 'न्हाई'. मग पोरगं पाठवून त्या घरी सांगायचं, कोणतरी आलं होतं. हे लहानपणापासून मी बघत आलेय, हसतही आलेय. आईला मात्र फुटबॉलच्या दंगेखोरासारखं झाकून ठेवतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. दाराला कुलूप होतं म्हणून सांगायलाही कुणी आलं नाही, आणि नंतर सगळे विसरून गेले.

मी तशीच तडक गिरणीत गेले. पट्टा चालू होता, मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. तसंही मला मोठ्यानंच बोलायचं होतं.

"काकी, आई इथं राहत नाही म्हणून तुम्ही पोलिसाला सांगितलंत?"

काकींनी मशीन बंद केलं. आजूबाजूला शांत झाल्यावर माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी सगळं सांगितलं. जहाजाची तारीख, बदली, आईचे गुडघे. तुमच्या या अडाणी रिवाजापायी आईचं जाणं बुडालं, असंही म्हणाले. आज आठवलं की लाज वाटते.

काकी खाली पोत्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं. मला वाटलं, कोण येतंय आन् म्हातारीला कोर्टकचेरीत वडतंय." पदरानं तोंड पुसून त्या पुढं म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या टायमाला बी असंच म्हंटलोतो. तवा ते बराबर पडलं."

"बाबांच्या कुठल्या वेळेला?"

"तुला ठावं न्हाई? कारखान्यात संप झालता. गेटवर दगडं पडली. कुणी मारली कुणास ठाऊक. पोलीस नावं घिऊन घराघरात. तुझा बाप हितं, या पोत्यांच्या मागं दोन दीस बसला हुता. तुझी आई भाकरी दळणाच्या डब्यातनं आणायची. पोलीस माझ्या म्होरं हुबा. मी म्हंटलो, असं कोण हितं ऱ्हात न्हाई."

मी तेव्हा दुसरीत होते. बाबा कुरुंदवाडला मावशीकडे गेलेत, एवढंच मला सांगितलं होतं, आणि मी चाळीस वर्षं तेच खरं धरून चालले होते. सगळ्या गल्लीचे दाखले लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातली एवढी मोठी नोंद माहीत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घरी येऊन आईला विचारलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "व्हय की. ज्यास्नी धरलं त्यास्नी परत कामावर घेतलं न्हाई. तुझ्या बापाचं नाव लागलं नसल्यानं नोकरी ऱ्हायली." बहीण तेव्हा जन्मायची होती. ती नोकरी गेली असती तर तो लेथ नाही, तो डबा नाही, फ्रॉकला ऑईल नाही. मी आईसमोरच रडले. आईला वाटलं, पासपोर्टसाठी रडत्येय. ती म्हणाली, "जाऊ दे. न्हाई जमलं तर न्हाई. ती फोनवर दावंल की."

ते 'जाऊ दे' मला सोसेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं पुणं गाठलं. तिथल्या पासपोर्ट कार्यालयात माझी अनुक्रमणिकावाली फाईल पुन्हा उघडली, घर बंद असल्यामुळं गैरसमज झाल्याचा अर्ज दिला, फेरचौकशीची मागणी केली. दोन रांगा, तीन टेबलं. कुणी वाकडं बोललं नाही, पण कुणी तारीखही सांगितली नाही. रात्री घरी आले तर दारात काकी बसलेल्या.

"परत येणार हाय का तो पावणा?" त्यांनी विचारलं.

"येईल. कधी ते माहीत नाही."

"यिऊ दे. आता मी बघतो."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत जे सुरू झालं त्याला मी पहारा म्हणेन. आईला गल्लीबाहेर जायची बंदी. भाजी दारात येऊ लागली. आईचा फोन वाजला की शेजारून आवाज यायचा, "उचला, उचला." कर्ज देतो म्हणणाऱ्या एका परप्रांतीय मुलाला आईनं साहेब समजून घराचा पत्ता तीनदा सांगितला. तालमीची पोरं कट्ट्यावर पाळीपाळीनं बसायला लागली. गॅस सिलेंडरवाला, मीटर रीडिंगवाला, एक विमा एजंट, ज्याच्या ज्याच्या हातात कागद दिसला त्याला पोरं हाताला धरून आमच्या दारात आणून सोडत होती. "ह्या इथंच ऱ्हात्यात बगा. लग्न झाल्यापासनं."

बारा दिवसांनी तोच हवालदार आला. मोटरसायकल गिरणीपाशी थांबायच्या आत काकींनी मशीन बंद केलं होतं. तो आमच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या मागं अर्धी गल्ली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात आधारकार्ड.

"दोनच साक्षीदार पायजेत," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. काकी पुढं झाल्या. त्यानं त्यांना ओळखलं.

"मागच्या टायमाला तुमीच न्हाई म्हंटलासा की ओ."

"तवा तुमी तुमची वळख सांगितली न्हाई," काकी म्हणाल्या. "वळख न देणाऱ्याला आपलं माणूस कसं दावायचं?"

हवालदार आत आला. खुर्चीवर बसला, पाणी प्याला. कागदावर काकींची सही घेतली. त्यांचा हात पिठाचा, त्यामुळं सहीशेजारी पांढरं बोट उमटलं. दुसरी सही पानपट्टीवाल्यानं केली. मी दिलेल्या वजनदार माणसांचं नाव त्या दिवशी कुणी काढलंही नाही.

जाताना त्यानं आईला सहज विचारलं, "मावशी, या वयात पासपोर्ट कशाला म्हंतो मी? कुटं निघालाय?"

"लेकीचं काम बघाय."

"म्हंजे फिराय. पर्यटन."

"पर्यटन न्हवं," आई म्हणाली. "रंकाळ्यावर जातो ते पर्यटन. मी काम बघाय चाललोय."

जहाज सुटायला नऊ दिवस असताना पासपोर्ट आला. आईनं तो बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवला, मग वडिलांच्या फोटोपुढं, आणि मग पदराखाली घेऊन स्वतः गिरणीत दाखवायला गेली. परत आला तेव्हा त्याच्या निळ्या कव्हरला पीठ लागलेलं होतं. मी पुसायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

राहिलेली कामं मी भराभर उरकली. श्रीलंकेची ऑनलाईन परवानगी काढली, विमा उतरवला, आईच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घेतली. शेवटी जहाजाच्या कंपनीचा एक फॉर्म होता. त्यात प्रवासात नसलेल्या एका माणसाचं नाव हवं होतं. काही बरंवाईट झालं तर कळवायला. माझं बोट सवयीनं मुख्याध्यापकांच्या नंबराकडं गेलं होतं. ते मी मागं घेतलं आणि काकींचं नाव लिहिलं. नातं या रकान्यात काय लिहावं कळेना. आईला विचारलं. ती म्हणाली, "भण लिही."

संध्याकाळी काकींना सांगायला गेले की जहाजावरून तुम्हाला फोन येऊ शकतो. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"मंजी आईचं नाव घेतलं की ह्या टायमाला व्हय म्हणायचं न्हवं? नीट सांग. परत घोळ नको."

"हो म्हणायचं, काकी."

"आन् आधी त्याची वळख इचारायची."

"विचारा."

मुंबईला बंदरात आईनं पासपोर्ट स्वतः पुढं केला. शिक्का पडेपर्यंत तिनं काचेपलीकडच्या साहेबाच्या हातावरची नजर काढली नाही. मान वर करून ती जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. मला वाटलं, घाबरली. नंतर म्हणाली, "हे हालतंय कसं, ते आधी बघाय पायजे."

तिसऱ्या दिवशी बहीण आम्हाला न्यायला आली. अंगात निळा डगला, केस टोपीखाली, नखांत तेच काळं. लिफ्टनं खाली, मग एक जाड लोखंडी दार. दारापलीकडून येणारा आवाज आधी छातीला लागला, मग कानाला. कंट्रोल रूमच्या दाराशी एक नोंदवही होती. आत येणाऱ्यानं लिहायचं. बहीण आईच्या वतीनं लिहायला लागली. नाव, वेळ, कुणाच्या परवानगीनं. शेवटच्या रकान्याशी ती थांबली.

"हे काय इचारतंय?" आईनं विचारलं.

"कशासाठी आलात, ते. मी भेट असं लिहिते."

आईनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. चष्मा लावला. आतली चारपाच माणसं उठून उभी राहिली होती, बहिणीचे वरचे साहेबही, आणि सगळे थांबले. आईनं सातवीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात, सावकाश, त्या इंग्रजी नोंदवहीत मराठीत लिहिलं: लेकीचं काम बघायला.

नोंदी तपासायची माझी सवय जात नाही. मी वाकून बघितलं. एक काना नाही की एक मात्रा नाही, काहीही चुकलं नव्हतं. बहिणीनं त्याखाली सही केली आणि दार उघडलं.